कुडझूचं डोकं मातीत असतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे गोष्ट अशी आहे: अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या उत्तरेला गावाबाहेर घर घेतलंत. मागे दीड एकराचा उतार, तळाला ओढा आणि या सगळ्यावर कुडझू ही झपाट्यानं पसरणारी वेल. घर बघायला गेलात तेव्हा जानेवारी होता, म्हणून नुसत्या वाळक्या वेली दिसल्या आणि वाटलं, माणूस लावून दोन दिवसांत साफ करून घेऊ. जूनमध्ये कुंपण दिसेनासं झालं. मिस्टर बुलडोझर सांगायच्या बेतात आहेत, शेजारी म्हणतो ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, सासूबाई विचारतात पानांची भाजी होते का. त्यातच बुक क्लबमध्ये कुणीतरी जेम्स डिकी या अमेरिकन कवीची 'कुडझू' ही कविता वाचून दाखवली आणि तेव्हापासून तुम्ही रात्री मागची खिडकी लावून झोपता. हे तुम्ही हसत हसत लिहिलंय, पण लिहिलंय.

आधी माझ्याबद्दल. मी मूळचा वाळवा तालुक्यातला, शेतकरी घरातला. शिक्षण शेतकीचं. गेली सव्वीस वर्षं अलाबामा-जॉर्जियाच्या सीमेवर लोकांच्या जमिनीवरच्या नको त्या वेली आणि झुडपं काढून देणं हाच माझा धंदा. फवारणीचा परवाना आहे, हातावर पॉयझन आयव्हीचे, म्हणजे अंगाला लागली की फोड आणणाऱ्या इथल्या वेलीचे, डाग आहेत. तरीही तुमची जमीन पाहिल्याशिवाय बोलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. (शेळ्यांचा विषय पुढे येणारच आहे.) वेल किती वर्षांची आहे, ओढा घरापासून किती लांब आहे, शेजारच्या जमिनीवरही ती पसरलीय का आणि तुमच्याकडे पैसा जास्त आहे की वेळ, यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे.

तुम्ही विचारलंय, 'कशानं मारू?' माझ्या अनुभवात तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की ती गेल्यावर त्या उतारावर काय उभं राहणार? याचं उत्तर ज्यांच्याकडे नव्हतं, त्यांच्याकडे मी चार-पाच वर्षांनी पुन्हा त्याच कामाला गेलोय.

पण आधी खात्री करा की ती कुडझूच आहे. पान तीन पर्णिकांचं असतं, आपल्या घेवड्यासारखं, कारण ती घेवड्याच्याच कुळातली, शेंगावर्गीय. कडेच्या दोन पर्णिकांना बहुधा एकेक खाच असते, कोवळ्या वेलीवर तांबूस लव असते आणि पानाची खालची बाजू फिकट, पांढरट दिसते. ऑगस्ट-सप्टेंबरात जांभळी फुलं येतात, त्यांना द्राक्षाच्या गोळीसारखा वास असतो. पॉयझन आयव्हीलाही तीनच पर्णिका असतात आणि दोघी एकाच झाडावर सुखानं नांदतात. फरक चढण्यात आहे. कुडझू खोडाला पीळ घालत वर जाते. पॉयझन आयव्ही बारीक केसाळ मुळांनी सालीला चिकटून सरळ चढते, जुनी झाली की लोकरीच्या दोरखंडासारखी दिसते. तिला हात लावू नका आणि काढलेल्या वेलींच्या ढिगाला काडी तर मुळीच लावू नका. आयव्हीचा धूर छातीत गेला तर दवाखान्याची वाट धरावी लागते.

आता वेलीची रचना, कारण बाकी सगळं त्यावरूनच ठरतं. वर दिसतो तो पसारा हंगामात साठ फुटांपर्यंत जातो, ऐन उन्हाळ्यात दिवसाला फूटभर. माणसं त्यालाच घाबरतात आणि त्याच्याशीच भांडतात. खाली मातीत पिष्टानं भरलेले कंद असतात, जुन्या वेलीचे तर माणसाच्या मांडीएवढे आणि खोल गेलेले. पण नवा फुटवा त्या कंदातून येत नाही. कंद आणि वेल जिथे जुळतात तिथे, मातीलगत किंवा बोटभर खाली, एक गाठाळ भाग असतो. नव्या वेलीत तो सुपारीएवढा, जुन्यात नारळाएवढा. मी त्याला 'डोकं' म्हणतो. डोळे तिथे असतात, फुटवा तिथूनच येतो. डोकं उडवलं की खालचा कंद कितीही मोठा असो, तो मातीत कुजून जातो. वेल जमिनीवरून सरपटते तेव्हा पेरापेराशी मुळं धरते आणि तिथे नवं डोकं तयार होतं. म्हणजे तुमच्या दीड एकरावर एक वेल नाहीये. तिथे शेकडो डोकी आहेत.

हे मला शहाणपणानं कळलेलं नाही. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा उतार मी मे महिन्यात फवारला. पंधरा दिवसांत सगळं तपकिरी झालं, त्यांनी खुश होऊन चेक दिला. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. शिव्या नव्हत्या, नुसतं म्हणाले, 'येऊन बघून जा.' गेलो, तर पहिल्यापेक्षा हिरवंगार. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. वसंतात रस कंदाकडून पानांकडे चढत असतो. त्या वेळी पानांवर मारलेलं औषध खाली डोक्यापर्यंत फारसं पोचतच नाही. ऑगस्टच्या मध्यानंतर उलटं होतं. पानांनी केलेलं अन्न हिवाळ्याच्या बेगमीसाठी कंदात उतरायला लागतं आणि औषध त्याच वाटेनं उतरतं. तेच औषध, तोच पंप, फक्त महिना वेगळा.

दुसरी चूक त्याहून महागात पडली. क्लोपायरालिड नावाचं तणनाशक कुडझूवर चांगलं चालतं आणि बऱ्याच झाडांखाली मारलं तरी झाडांना फारसा धक्का लागत नाही, म्हणून मी ते बिनघोर वापरत होतो. एका बाईंच्या आईनं लावलेलं रेडबडचं झाड कुडझूच्या मध्यभागी उभं होतं. वसंतात अख्खं गुलाबी होणारं हे झाड आपल्या कांचनाच्या नात्यातलं. पुढच्या वसंतात ते गेलं. कारण साधं आहे. हे औषध शेंगावर्गाच्या मुळावर उठणारं, म्हणूनच तर कुडझूला लागू पडतं, आणि रेडबडही शेंगावर्गातलंच. लेबलावर ते छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. आता प्रत्येक उतारावर आधी झाडं मोजतो आणि शेंगावर्गातल्या प्रत्येक झाडाला लाल फीत बांधतो, मग पंप खांद्यावर घेतो.

मिस्टरांचा बुलडोझर. कृपा करून नको. बुलडोझर वेली फाडतो, डोकी आणि मुळं धरलेली पेरं तोडून सगळीकडे पसरवतो, काही मातीखाली गाडतो, आणि उतार उघडा पाडतो. जॉर्जियाची लाल माती उघड्या उतारावर पावसात काय करते हे बघायचं असेल तर एखादा रविवार काढून राज्याच्या नैर्ऋत्येला स्ट्युअर्ट काउंटीत प्रॉव्हिडन्स कॅन्यन बघून या. लाल, गुलाबी, पांढऱ्या मातीच्या दीडशे फूट खोल घळी आहेत. निसर्गाचा चमत्कार म्हणून लोक फोटो काढतात. एकोणिसाव्या शतकात उतारावर बांधबंदिस्ती न करता कपाशी केली, त्याचा तो परिणाम आहे.

आणि तुम्ही विचारलेल्या आणखी एका प्रश्नाचं उत्तर इथेच सुरू होतं: ही वेल खरंच सरकारनं लावली का? हो, लावली. त्या वेळी तो वेडेपणा नव्हता.

1876 मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकेच्या शंभरीचं प्रदर्शन भरलं, तिथे जपाननं आपल्या बागेत ही वेल आणली. दक्षिणेतल्या लोकांनी ती ओसरीला सावलीसाठी लावली, जशी आपल्याकडे मधुमालती दारात चढवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या चिपली गावी प्लीझ नावाच्या रोपवाटिकेवाल्या नवरा-बायकोच्या लक्षात आलं की जनावरं ती आवडीनं खातात. त्यांनी टपालानं रोपं विकायला सुरुवात केली. तरी ती हौसेचीच गोष्ट होती.

मग 1930 चं दशक आलं. कपाशीनं झिजलेल्या जमिनी, बोंडावर पडणारा भुंगा, मंदी, आणि पश्चिमेकडे धुळीची वादळं. ह्यू हॅमंड बेनेट या मृदातज्ज्ञाच्या पुढाकारानं 1935 मध्ये मृदासंधारणाचं सरकारी खातं उभं राहिलं. त्या खात्याला असं काहीतरी हवं होतं की जे नापीक लाल मातीत लागेल, लवकर झाकण घालेल, हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत धरेल आणि वर जनावरांना चारा देईल. कुडझू या चारही अटींत बसत होती. सरकारी रोपवाटिकांत कोट्यवधी रोपं तयार झाली आणि लावणाऱ्या शेतकऱ्याला एकरी 8 डॉलरपर्यंत अनुदान मिळालं. ज्याच्या खिशात वर्षाला रोख पैसाच दिसत नव्हता, त्याच्यासाठी ती लहान रक्कम नव्हती. रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या कापलेल्या बाजूंवरही ती लागली. 1940 च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहा लाख एकरांहून जास्त जमिनीवर लागवड झाली.

चॅनिंग कोप नावाचे एक गृहस्थ होते. कॉव्हिंग्टनजवळ त्यांची शेती होती, म्हणजे तुमच्याच राज्यात. अटलांटाच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या वर्तमानपत्रात ते स्तंभ लिहायचे आणि स्वतःच्या ओसरीवर बसून रेडिओवर शेतकऱ्यांशी बोलायचे. 1943 मध्ये त्यांनी 'कुडझू क्लब' काढला, सभासद वीस हजारांपर्यंत गेले. मेहनत न करता ओसरीत बसल्या बसल्या जमीन सुधारेल, असा त्यांचा एकंदर सूर. सुबाभळीची रोपं वाटली जायची ते दिवस आठवत असतील तर हा सूर तुमच्या ओळखीचा असेल. आमच्या बांधावरही चार सुबाभळी होत्या आणि पुढे चाळीस झाल्या.

घोडं अडलं ते शेतात. कुडझू बसायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर जनावर सोडता येत नाही. बसल्यावर सतत चारली किंवा कापली तर मरते. वाळवून वैरण करावी तर वेली कापणीयंत्रात गुंततात. हे सगळे ज्या माणसाला चारा हवा होता त्याच्या दृष्टीनं दोष. म्हणून बऱ्याच शेतकऱ्यांनी अनुदान घेतलं आणि काही वर्षांनी नांगरून दुसरं काही केलं. ज्यांनी शेतीच सोडून शहर गाठलं, त्यांच्या जमिनीवर मात्र तिला अडवणारं कुणी उरलं नाही. गुरं नाहीत, विळा नाही, नांगर नाही. 1953 मध्ये कृषी खात्यानं तिला शिफारशीतून काढलं आणि 1970 मध्ये तण म्हणून जाहीर केलं.

हा तपशील इतका लांबवला कारण शेतकऱ्याच्या डोळ्यांत खुपलेला दोष तुमच्यासाठी वरदान आहे. सतत खाल्लं जाणं तिला सोसत नाही. त्यावर पुढे बोलू.

आता कविता. डिकी मूळचे अटलांटाचे, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकवर रात्रीच्या लढाऊ विमानांच्या तुकडीत होते. 1963 मध्ये छापलेल्या त्या कवितेची सुरुवातच जपानच्या चढाईनं होते आणि पुढे रात्री खिडक्या लावून घेणारी माणसं येतात, वेलींखाली न दिसणारे साप येतात, ते साप मारायला आत सोडलेली डुकरं येतात. कविता म्हणून ती मला आवडते, विशेषतः हिवाळ्यात पानं झडल्यावरची शांतता. पण ती माहितीपत्रक नाही. ज्या पिढीच्या वाट्याला ते युद्ध आलं, तिनं आपल्याच सरकारनं लावलेल्या वेलीला शत्रूचं नाव दिलं, हे वाचताना लक्षात असू द्या. साप आहेत, हे मात्र खरं. कॉपरहेड हा विषारी साप मी वर्षाकाठी दोन-तीन तरी बघतो.

'दक्षिण गिळणारी वेल' ही सगळी प्रतिमा रस्त्यावरून तयार झालेली आहे. कुडझूला ऊन लागतं. ती जंगलाच्या आत फार जात नाही, जंगलाच्या कडेवर चढते. आणि आपण गाडीतून बघतो ती कडाच. सत्तर-नव्वद लाख एकरांचे आकडे वर्षानुवर्षं छापून येतात. अमेरिकेच्या वनखात्याच्या नमुना पाहणीत जंगलजमिनीवर तिची व्याप्ती सुमारे 2 लाख 27 हजार एकर निघाली. तीही थोडी नाही, ज्याच्या मागच्या उतारावर असेल त्याला तर नाहीच. पण ती वेल तुमच्या खिडकीतून आत यायला निघालेली नाही.

जपानमध्ये हिचं साहित्यातलं घर अगदी वेगळं आहे. तिकडे नाव कुझु. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या काव्यसंग्रहात यामानोए नो ओकुरा या कवीनं शरदातल्या सात वनस्पती मोजल्यात, त्यात ही आहे. वाऱ्यानं पान उलटलं की पांढरट बाजू दिसते. जपानीत 'उरामी' म्हणजे मागची बाजू बघणं आणि 'उरामी' म्हणजेच मनातला सल. या श्लेषावर तिकडच्या कवींनी शतकानुशतकं विरहाच्या ओळी लिहिल्या. एका कथेत कोल्हीण माणसाचं रूप घेऊन संसार करते, मूल होतं, एक दिवस तिचं खरं रूप उघड होतं. जाताना ती कागदी दारावर कविता लिहून ठेवते: आठवण आलीच तर शिनोदाच्या जंगलात येऊन बघा. त्या कोल्हिणीचं नाव कुझुनोहा, म्हणजे कुडझूचं पान. तो मुलगा मोठेपणी आबे नो सेइमेइ हा प्रसिद्ध ज्योतिषी होतो. अठराव्या शतकात ही कथा बाहुल्यांच्या रंगमंचावर आली, मग काबुकीत गेली. ऑगस्टच्या एखाद्या वाऱ्याच्या दुपारी तुमच्या उतारावर उभ्या राहा, सगळं हिरवं एकदम पांढरं होतं. मी तणनाशक मारणारा माणूस, तरी पंप खाली ठेवून मिनिटभर बघत बसतो.

(जपानी लोक तिला फक्त कवितेत ठेवून बसलेत असंही नाही. रेल्वेच्या कडेला आणि नदीच्या बांधांवर ती तिकडेही डोकेदुखीच आहे.)

आणि आपल्याकडे? या वेलीची सख्खी बहीण सह्याद्रीत आहे. घोडवेल, म्हणजे वैद्यांचा विदारीकंद, च्यवनप्राशात पडतो तो. तीच तीन पर्णिकांची पानं, तसाच पिठूळ कंद. तिथे तिला कुणी राक्षस म्हणत नाही, उलट कंद खणून नेणारेच जास्त. आणखी एक बहीण पुएरारिया (कुडझूच्या वंशाचं शास्त्रीय नाव) याच नावानं रबराच्या मळ्यात जमीन झाकायला लावतात, केरळात जुन्या काळापासून.

शेतीच्या बाजूनं दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आमच्या सांगली-कोल्हापूरकडे सोयाबीनवरचा तांबेरा घराघरात माहीत आहे. पावसाळी हवेत पानाखाली विटकरी भुकटी दिसते आणि दाणा भरतच नाही. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून तांबेऱ्याला तोंड देणारे वाण निघाले ते त्यामुळेच. तो तांबेरा 2004 च्या अखेरीस अमेरिकेत लुइझियानात सापडला. ही बुरशी जिवंत पानावरच जगते. सोयाबीन काढलं की तिला दुसरं घर लागतं, आणि आखाताच्या किनाऱ्यालगत, जिथे कडाका पडत नाही, तिथे कुडझूची हिरवी पानं ते घर देतात. दुसरी गोष्ट एका किड्याची. 2009 च्या ऑक्टोबरात अटलांटाच्या आसपास घरांच्या भिंतींवर हरभऱ्याएवढे, ऑलिव्हसारख्या तपकिरी रंगाचे, घाण वासाचे किडे हजारोंनी बसलेले दिसले. हा कुडझू बग आशियातला, आपल्याकडे वालावर येतो. कुडझूवर वाढतो आणि तिथून सोयाबीनवर उतरतो. तुमच्या पांढऱ्या भिंतीवर शरदात दिसला तर चिरडू नका, डाग आणि वास दोन्ही जात नाहीत. पुढे बिव्हेरिया बुरशीनं आणि अंड्यांवर जगणाऱ्या एका बारीक गांधीलमाशीनं त्याचा जोर बराच कमी केला. आपल्याकडचे शेतकरी बिव्हेरियाचे पुडे दुकानातून आणतात, इथे ती आपली आपण पसरली.

बरं, आता कामाला लागू.

सुरुवात फेब्रुवारीत करा. पानं नसतात, साप गारठलेले असतात, जमीन दिसते. वाळक्या वेली कापून ओढून काढा आणि उतार पायाखाली घाला, पण हातात काठी घेऊन, पुढची जमीन ठोकत. वेलींच्या गादीखाली काय असेल सांगता येत नाही. मला काटेरी तार, भंगार ट्रॅक्टर, बाथटब मिळालेत. एकदा एका जुन्या वस्तीच्या जागी पायाखाली फट्ट झालं आणि उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. कुजक्या फळ्यांनी झाकलेली विहीर होती. काठी आडवी पडली म्हणून हे लिहितोय. झाडांवर चढलेल्या वेली गुडघ्याच्या उंचीवर कापा आणि वरचा भाग तसाच लोंबू द्या. ओढायला गेलात तर वाळकी फांदी डोक्यात पडते.

मग डोकी. दीड एकर हातानं होणार नाही. पण घराजवळची पट्टी, ओढ्याचा काठ आणि जपायच्या झाडांभोवतीची जागा हातानंच करा. वेल धरून मागे मागे जायचं, ती मातीत शिरते तिथे टिकावाचा एक घाव आणि डोक्याच्या खालून करवतीनं किंवा कोयत्यानं काप. कंदाच्या मागे लागू नका. काढलेली डोकी मातीवर टाकून येऊ नका, ती पुन्हा धरतात. मी ती डांबरी ड्राइव्हवेवर उन्हात वाळवतो.

मोठ्या उतारासाठी शेळ्या. तुमच्या भागात भाड्यानं कळप देणारे मिळतील. त्यांच्याकडे विजेचं कुंपण आणि राखणीचे कुत्रे असतात. चट्टानूगा शहरानं मिशनरी रिजच्या चढावरची कुडझू हटवायला 2006 च्या सुमारास शेळ्याच आणल्या होत्या. पान प्रथिनांनी भरलेलं असल्यामुळे शेळ्या मजेत असतात. पण एकदा चारून भागत नाही. एकदा चारणं म्हणजे छाटणी, त्यानं उलट फुटवे जोमानं येतात. पानं दिसली की पुन्हा कळप, हंगामभर, सलग तीन-चार हंगाम, आणि वाढीचा ऐंशी टक्क्यांवर भाग दर वेळी खाल्ला गेला पाहिजे. तेव्हा कंद रिकामा होतो. पैसे कुठे वाचवायचे असतील तर इथे नका वाचवू. अर्धवट चारणं म्हणजे नुसता शेळ्यांचा पाहुणचार.

फवारणी उरलेल्यावर, ऑगस्टच्या मध्यापासून पहिल्या कडाक्यापर्यंत. तळाला ओढा आहे म्हणून पिक्लोराम या तणनाशकाचा विचार सोडा. ते मातीत टिकतं, पाण्याबरोबर हलतं, आणि परवान्याशिवाय मिळतही नाही. पाण्याजवळ वापरायला मान्यता असलेलंच ग्लायफोसेट ओढ्याच्या काठाला चालेल, तेही कापलेल्या बुंध्यावर पुसून. उतारावर काय मारायचं ते काउंटीच्या एक्स्टेंशन ऑफिसात जाऊन विचारा. आपल्या कृषी सहाय्यकासारखीच माणसं असतात, येऊन बघून जातात. लेबल मात्र स्वतः वाचा. रेडबडची गोष्ट लक्षात ठेवा.

थोडक्यात क्रम: थंडीत पाहणी आणि कापणी, घर-ओढा-झाडांभोवतीची डोकी हातानं, उतारावर हंगामभर शेळ्या, शरदाच्या तोंडाला उरलेल्यावर फवारणी, आणि पुढच्या वर्षी हेच पुन्हा. वेल तीन-चार वर्षांचीच असेल तर तेवढ्याच वर्षांत सुटाल. दहा वर्षांहून जुनी असेल तर दहा वर्षांची तयारी ठेवा, फक्त दरवर्षी काम निम्मं होत जाईल. शेजाऱ्याच्या हद्दीत असेल तर आत्ताच त्याच्याशी बोला. वेलीला सातबारा वाचता येत नाही.

आणि रिकाम्या जागेचं काय? पहिल्याच शरदात, चारून उघड्या पडलेल्या भागावर राय हे गव्हासारखं धान्य पेरा (मोहरीची राई नव्हे). थंडीत मुळं माती धरतात. कुडझूनं मागे ठेवलेला नत्र जमिनीत भरपूर असतो, तुम्ही काही पेरलं नाही तर दुसरं तण ते खाऊन माजेल. दोन-तीन वर्षांनी डोकी विरळ झाली की स्विचग्राससारखी इथली गवतं लावा आणि वरच्या अंगाला पाइन. दाट सावली पडायला लागली की कुडझूचा निम्मा जोर गेला.

सासूबाईंना सांगा, कोवळी पानं आणि शेंडे खाता येतात. मेथीसारखी परतून मी खाल्लीत, लव असल्यामुळे जिभेला जरा खरखरीत लागतात. फुलांची जेली इथल्या आजीबाई करतात, ती खरंच छान होते. कंदापासून जपानमधल्या योशिनोत पिष्ट काढतात: हिवाळ्यात कंद कुटायचे, थंड पाण्यात पुन्हा पुन्हा निवळायचे, खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा. कोकणात तवकीर करतात तसंच. मी एकदा हौसेनं केलं. दहा किलो कंद, दोन दिवस, आणि हाती आली वाटीभर पिवळट भुकटी. तिची खीर बायकोनं एक चमचा चाखून बाजूला ठेवली. पण तुमच्या उतारावरची पानं यंदा तरी नको. आधीच्या मालकानं तिथे काय मारलं होतं ते तुम्हाला माहीत नाही, आणि रस्त्याकडेची तर कधीच नको. सासूबाई रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंदाच्या वाटेला जाऊ देऊ नका.

आता एवढं करा. उद्या सकाळी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालून उताराच्या कडेला जा, एखादी वेल मातीत शिरते तिथली माती खुरप्यानं बाजूला करा आणि त्या गाठीचा फोटो पाठवा, शेजारी काडेपेटी ठेवून. गाठ काडेपेटीएवढी आहे की तिच्या चौपट, त्यावरून वय सांगतो. मग शेळीवाल्याशी किती वर्षांचं बोलायचं ते ठरवू.